घसारा

हिशेबाच्या पुस्तकात घसारा नावाचे एक मोठे विलक्षण खाते असते. पगार दिला, भाडे दिले, विजेचे बिल भरले, की पैसा हातातून जाताना दिसतो. घसाऱ्यात मात्र कुणाला एक पैसाही दिला जात नाही. तरीही वर्षअखेर तो खर्च म्हणून मांडावाच लागतो. यंत्र चालले तर झिजते आणि नुसते उभे राहिले तरी जुने होते. काळ गेला, हेच त्याचे कारण. इंग्रजीत याला डेप्रिसिएशन म्हणतात आणि कन्नडमध्ये सवकळी. सवकळी म्हणजे झीज. पायरीची, उंबऱ्याची, चपलेच्या टाचेची होते ती. मला हा कन्नड शब्द अधिक आवडतो, कारण त्यात यंत्राइतकेच माणसाचे पाऊलही आहे.

पी. यू. च्या पहिल्या वर्षी हा धडा शिकलो तेव्हाच माझ्या मनात एक प्रश्न आला होता. उभ्या यंत्राला जर घसारा लागतो, तर घरात बसवून ठेवलेल्या माणसाच्या मनाला लागत नसेल काय? आणि लागत असेल तर तो कोणत्या खात्यावर टाकायचा?

वाचकहो, मी २०२० सालच्या उन्हाळ्याविषयी बोलतो आहे. त्या वर्षी ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची महामारी जाहीर केली. देशातला पहिला बळी त्याच महिन्यात आपल्याच राज्यातल्या कलबुर्गीत गेला. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, संध्याकाळी पाच वाजता लोकांनी टाळ्या आणि थाळ्या वाजवल्या. २४ तारखेच्या रात्री घोषणा झाली आणि २५ मार्चपासून एकवीस दिवस सारा देश घरात बसला. एकवीस दिवसांची मुदत १४ एप्रिलला संपायची होती. ती ३ मेपर्यंत, मग १७ मेपर्यंत, मग ३१ मेपर्यंत वाढत गेली. दिवस किती आहेत हे आधी कळले असते तर माणसाने ते कसेही मोजून काढले असते. पण प्रत्येक वेळी किनारा दिसू लागला की तो पुढे सरकत होता.

साथ ही काही आपल्या लोकांना नवी नव्हे. ज्या कायद्याच्या आधारे २०२० साली अनेक निर्बंध लागू झाले, तो साथरोग कायदा १८९७ सालचा, प्लेगच्या वेळचा. त्याच वर्षी १० मार्चला पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. माझी आजी तिच्या सासूकडून ऐकलेल्या प्लेगच्या गोष्टी सांगे. उंदीर पडू लागले की लोक गाव मोकळे करून शिवारात झोपड्या घालत. त्यामागे तसे शास्त्रही होते. प्लेग उंदरांच्या अंगावरच्या पिसवांतून येई, म्हणजे रोग घरात होता आणि सुटका बाहेर होती. कोरोना माणसाच्या श्वासातून येई. म्हणून रोग बाहेर होता आणि सुटका घरात. आजी म्हणायची, "त्या वक्ताला घर सोडवत नव्हतं लोकांना, ह्या वक्ताला घरात बसवत नाही. माणसाला जे नको म्हणाल तेच पाहिजे असतंय."

आमच्या गल्लीत बसणे म्हणजे काय, हे आधी सांगायला हवे. वडगाव, खासबाग, शहापूर हा बेळगावचा भाग विणकरांचा. सकाळपासून रात्रीपर्यंत यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो. पाहुण्यांचे डोके दुखते. आम्हाला मात्र तो ऐकूच येत नाही, कारण आम्ही त्यातच जन्मलो. बाबांचे दोन माग. व्यापारी सूत देतो, बाबा साड्या विणून देतात आणि साडीमागे मजुरी मिळते. मार्चअखेर सूत यायचे थांबले, तयार माल घरातच पडला आणि गल्लीतले माग एकामागून एक बंद झाले. पहिल्या रात्री मला झोप लागली नाही. एवढी शांतता मी कधी ऐकलीच नव्हती. अंथरुणावर पडल्यावर बाबाही जागे आहेत हे त्यांच्या श्वासावरून कळत होते. कुणी काही बोलले नाही.

मी त्या वेळी दहावीत होतो. आमची एस. एस. एल. सी. परीक्षा २७ मार्चला सुरू व्हायची होती, ती पुढे गेली. कधी होणार ते कुणालाच ठाऊक नव्हते. माझी आतेबहीणही दहावीतच. ती राहते शिनोळीच्या पुढे, चंदगड तालुक्यात; आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, पण महाराष्ट्रात. तिचा फक्त भूगोलाचा पेपर राहिला होता, तोही एप्रिलमध्ये रद्द झाला आणि ती मोकळी झाली. मी मात्र तीच ती पुस्तके उघडून बसलेलो. वाचलेले विसरत होतो आणि विसरलेले पुन्हा वाचत होतो. पुढे दूरदर्शनच्या चंदना वाहिनीवर दहावीचे उजळणीचे पाठ सुरू झाले. ते कन्नडमध्ये. मी मराठी माध्यमाचा. आमची अंकगणिती श्रेढी तिथे समांतर श्रेढी होई, हे कळायला दोन दिवस गेले. शेजारच्या कन्नड माध्यमातल्या मित्राला मी गच्चीवरून हाका मारून शब्द विचारी. त्याच्या गच्चीपासून आमची गच्ची दहा हात. त्या दहा हातांच्या शाळेत मी जेवढे कन्नड शिकलो, तेवढे पाच वर्षांत शिकलो नव्हतो.

तेव्हा काय होत होते ते आज शब्दांत सांगता येते, त्या वेळी येत नव्हते. आधी वार हरवले. सोमवार आणि शुक्रवार यांत काही फरक उरला नाही. मग झोप हरवली. दुपारी यायची आणि रात्री जायची. मग भूक. मग घरातल्या घरात आवाज चढू लागले. आई भांडे जोरात ठेवी, बाबा उत्तर न देता मागावर जाऊन बसत. बंद मागाला ते रोज तेल घालत, फडक्याने धूळ पुसत. आईने एकदा विचारले, "चालत नाही त्याला तेल कशाला?" बाबा म्हणाले, "चालत नाही म्हणूनच."

एप्रिलच्या मध्यावर एका रात्री आत्याचा फोन आला. मामा गेले. कोरोना नव्हे, छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळे संपले. बाबांनी तशीच गाडी काढली आणि नाक्यापर्यंत गेले. सीमा बंद होती. नाक्यावरचा पोलीस वाईट बोलला नाही. तोही कुठल्या लांबच्या गावचा, महिनाभर घरी गेला नव्हता. त्याने पाणी दिले आणि परत जायला सांगितले. त्या काळात अंत्यविधीला वीसपेक्षा जास्त माणसांना परवानगी नव्हती. गावातल्याच माणसांनी मामांना पोचवले. थोरल्या बहिणीचा धाकटा भाऊ अठरा-वीस किलोमीटरवर बसून राहिला. माझ्या बहिणीला फोन केला की आधी कोरोनाची सूचना ऐकावी लागे, ती संपेपर्यंत मी काय बोलायचे ते जुळवी आणि तिचा आवाज आला की ते विसरून जाई. ती एकदा एवढेच म्हणाली, "तुझी परीक्षा तरी आहे. मला कायच नाही रे करायला."

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. ज्या परीक्षेने मला भंडावले होते, तिचाच तिला हेवा वाटत होता. मनाला विश्रांती नको असते असे नव्हे. पण ज्याचा शेवट माहीत नाही अशी विश्रांती ही विश्रांती राहत नाही. आपल्या भागात देवीचे वार पाळतात. त्या दिवशी लोक शेतात जात नाहीत, सगळे गाव घरी असते. पण ते बसणे कुणाला जड जात नाही, कारण त्याला वार आहे, कारण आहे आणि उद्या पुन्हा नांगर आहे. आमच्या बसण्याला कारण होते, पण उद्या नव्हता.

उद्या आणला तो आजीने. आमच्याकडे रीत आहे की दुःख झालेल्या बहिणीला माहेरचा दुखवटा जावा लागतो, नवे वस्त्र जावे लागते. आजी बाबांना म्हणाली, "दुकानं बंद आहेत तर असू देत. विणकराच्या घरात लुगड्याला दुकान कशाला?" बाबांच्या एका मागाच्या बीमवर थोडा ताणा शिल्लक होता, एक साडी निघेल इतका. बाण्याला सूत नव्हते. मग आजीने माळ्यावरून जुनी पेटी काढली. त्यात वर्षानुवर्षांच्या उरलेल्या सुताच्या लडी होत्या. निळ्या, राखी, फिकट जांभळ्या. आजी रहाटावर कांड्या भरू लागली आणि मी तिच्या हाताखाली. सकाळी नऊ ते अकरा कांड्या, मग माझा अभ्यास, दुपारी गच्चीवरचे कन्नड, संध्याकाळी सहाला आत्याला फोन. कुणी वेळापत्रक लिहून भिंतीला लावले नाही. कामाच्या मागोमाग वेळ आपोआप येऊन बसली.

आणि एका सकाळी आमचा माग चालला. साऱ्या गल्लीत तेवढा एकच. समोरच्या अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या. रोज त्या लांबूनच "ऊटा आतेन्री?" म्हणून विचारत आणि आई "आतरी" म्हणे, जेवण झालेले असो वा नसो. त्या दिवशी त्यांनी काहीच विचारले नाही. आवाज थांबेपर्यंत त्या उभ्या राहिल्या आणि पदराने डोळे पुसून आत गेल्या. बाबांनी त्या साडीचा ताणा व्यापाऱ्याच्या वहीत स्वतःच्या नावे मांडला. पुढे तो त्यांनी मजुरीतून फेडला.

२५ जूनला आमची परीक्षा सुरू झाली. तोंडाला मास्क, दारात ताप मोजणारे यंत्र, बाकावर एकेकटे आम्ही. राज्यभर साडेआठ लाखांच्या आसपास मुले परीक्षेला नोंदली होती. घाबरण्यासारखे पुष्कळ होते, पण मला त्या गर्दीचे बरेच वाटले. तीन महिन्यांनी इतकी माणसे एकदम दिसत होती.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांवर आपल्याकडे विलगीकरणाचे बंधन होते. त्यामुळे बाबा तिकडे गेले असते तर परतल्यावर घर आणि माग दोन्ही सुटले असते. ती बंधने २४ ऑगस्टला उठली. त्याच आठवड्यात आम्ही गेलो. मामांना जाऊन चार महिने झाले होते. आत्याने साडी उलगडली. मध्येच तिचा रंग बदलत होता. निळा संपून राखी सुरू होत होता. तिने त्यावरून बोट फिरवले आणि विचारले, "सूत संपलं होतं व्हय रे?" बाबांनी मान हलवली. चार महिने फोनवर धीराने बोललेली ही दोन माणसे तेव्हा कुठे रडली. माझी बहीण आणि मी बाहेर येऊन कट्ट्यावर बसलो. तिने माझ्या पेपरांची चौकशी केली. मी एकेक प्रश्न सांगत राहिलो.

घसारा मोजायच्या पद्धती अनेक, त्यांतल्या दोन आम्हाला मुख्यतः शिकवतात. एका पद्धतीत दर वर्षी सारखीच रक्कम कमी होते आणि शेवटी खाते मिटते. दुसऱ्या पद्धतीत उरलेल्या रकमेवर टक्केवारी लागते. म्हणून पहिल्या वर्षी घसारा सर्वांत मोठा असतो, मग कमी कमी होत जातो; पण शिल्लक कधीच शून्य होत नाही. पुस्तके यातली कोणती चांगली याचा वाद घालतात. माझ्या मते मनाचे खाते दुसऱ्या पद्धतीचे आहे. पहिले आठवडे सर्वांत जड गेले. नंतरचे हलके झाले नाहीत, आम्ही त्यांना पेलू लागलो. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. तरी आजही गल्लीत वीज गेली आणि सगळे माग एकदम थांबले, की बाबा हातातला चहा खाली ठेवून क्षणभर ऐकत राहतात.

आपल्या वर्गातल्या प्रत्येकाचे असे एखादे खाते असेल. कुणाच्या घरचे माणूस गेले, कुणाच्या घरची नोकरी गेली, कुणाची शाळाच सुटली आणि तो आज आपल्यासोबत या कॉलेजात नाही. हे खर्च कुठल्या पावतीवर आले नाहीत म्हणून झाले नाहीत, असे म्हणता येणार नाही. एखादा मित्र गप्प दिसला तर त्याला काय झाले असे विचारण्याआधी त्याच्या हाताला एखादे काम द्यावे आणि त्याच्या शेजारी बसावे. भरायच्या कांड्या प्रत्येकाच्या माळ्यावर कुठेतरी असतातच.