मोटारीचं चित्र

नातू तीन वर्षांचा झाला तरी बोलंना. हाक मारली तर वळून बघायचा नाही. खेळण्यातली गाडी उलटी करून तासभर चाक फिरवत बसायचा. सूनबाई म्हणायची, "मामा, एकदा डॉक्टरला दाखवूया." मी म्हणायचो, "अगं, ह्याचा बाप कुठं लवकर बोलला? बोलंल की." माझ्या या एका वाक्यानं दोन वर्षं गेली. मधे मी त्याला देवऋष्याकडंही नेऊन आणलं. लिहायला लाज वाटते, पण लिहिलं पाहिजे.

पाचव्या वर्षी सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, ही स्वमग्नता, ऑटिझम. औषधानं जाणारा आजार नव्हे. मेंदूची घडणच वेगळी. आईबापाची चूक नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात तिचं नाव आहे, म्हणून दाखला मिळाला. पण शिकवणाऱ्या बाई शहरात, आमचं गाव साठ किलोमीटरवर. महिन्यातून एकदा जायचं, बाकी घरी करायचं. दहावीपर्यंत शिकलेला मी साठीत पुन्हा वही घेऊन बसलो.

बाईंनी आधी विचारलं, "त्याला सगळ्यात जास्त काय आवडतं?"

"मोटारीचं पाणी. हौदात पडणारी धार बघत उभा राहतो."

"मग तिथनंच सुरुवात करू."

मोटारीचा फोटो पुठ्ठ्यावर चिकटवला. त्यानं तो माझ्या हातात द्यायचा, मी लगेच पाण्यावर न्यायचं. सुरुवातीला सूनबाई मागं बसून त्याचा हात धरून द्यायला लावायची. मग नुसतं मनगट, मग कोपर, मग बोटही लावायचं नाही. आधार देणं सोपं. तो काढून घेताना जीव तुटतो.

चुकत होतो मीच. पोरगं भिंतीवर डोकं आपटायला लागलं की मी बिस्किट द्यायचो. बाई म्हणाल्या, "आजोबा, बिस्किट पाहिजे असलं तर डोकं आपट, असं तुम्हीच शिकवताय." अंगावर काटा आला. मग डोक्यामागं उशी धरायची, पण बिस्किट नाही. आणि वहीत लिहायचं : आधी काय झालं, त्यानं काय केलं, मग आपण काय केलं. पंधरा दिवसांत उमगलं, लाईट जाऊन धार मधेच बंद पडली की तो आपटतो. शेतीच्या लाईटीची दिवसपाळी-रातपाळी आम्हाला कळंना, त्या लेकराला काय कळणार? मग लाल फुली मारलेलं मोटारीचं दुसरं चित्र केलं. लाईट गेली की ते दाखवायचं आणि हातात तांब्या द्यायचा. हौदातलं पाणी घे, ओत.

पारावर एकजण म्हणाला, "तात्या, खोंड शिकवल्यागत नातवाला शिकवतोय व्हय?" खोंडं मी पुष्कळ शिकवली. मी म्हणालो, "खोंडाला मला पायजे ते शिकवलं. ह्याला काय पायजे, ते सांगायला शिकवतोय."

सहाएक महिन्यांनी दुपारी सोप्यात आडवा झालो होतो. छातीवर काहीतरी पडलं. पुठ्ठा. मोटारीचं चित्र. मागं हात धरायला कुणी नव्हतं.

नेमकी लाईट नव्हती. मी फुली दाखवली. तो थोडा रडला, भिंतीकडं गेला, थांबला. मग कोपऱ्यातला तांब्या उचलून हौदाकडं चालू लागला.

अजून तो बोलत नाही. त्याच्यामागनं चालताना ती दोन वर्षं मात्र रोज आठवतात.