जाग आली ती बोईसरला

रविवार, रात्री

पालघर परिसरातले किल्ले एकेक करून पायी बघायचे, असं यंदा मनाशी पक्कं केलंय. आज काळदुर्गची पाळी होती. विरारहून पहाटेची डहाणू लोकल धरली, खिडकीशी डोळा लागला आणि जाग आली ती पालघर मागे टाकून थेट बोईसरला. वाघोबा खिंडीतून ऊन चढण्याआधी वर पोचायचा बेत फलाटावरच मोडला. फार हळहळले.

मग उलट गाडी न पकडता रिक्षात बसले. एमआयडीसीचा उग्र वास मागे पडला, आणि तारापूरचा किल्ला समोर आला. जानेवारी 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेनं तो पोर्तुगीजांकडून जिंकला. मराठा सरदार बाजी भिवराव रेठरेकर या लढाईत इथेच पडले. त्याच वर्षीचा वसईचा विजय सगळ्यांना पाठ असतो. तारापूर किती जणांना आठवतं? मला तरी आजवर कुठे आठवलं होतं! तटाच्या दमट दगडावर हात ठेवून कितीतरी वेळ उभी होते. फटींत झाडांची मुळं उतरलीत.

संध्याकाळी लोकलनं परतताना पालघरला मुद्दाम डब्याच्या दारात आले. काळदुर्गचा माथा उन्हात तांबूस झाला होता. पुढच्या रविवारी तिथेच.