नाब्लूसचा ऑलिव्ह-साबण

साबण हा शब्द मराठींत इतका मुरला आहे कीं, तो मूळचा कोठला याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. अरबी ‘साबून’ हा त्याचा जवळचा आप्त. चरबीच्या संशयामुळें ज्या पिढीनें विलायती साबण न्हाणीघराबाहेर ठेवला आणि शिकेकाई, रिठे व डाळीचें पीठ यांवरच स्नान भागविलें, त्या पिढीच्या आजीबाईंना कोणी सांगितलें असतें कीं, केवळ फळाचें तेल, पाणी आणि खार यांचा साबण पश्चिम आशियांत शेंकडों वर्षें होत आला आहे, तर त्यांनीं त्याला कदाचित् उंबरठ्याच्या आंत घेतलें असतें. या साबणाचें एक माहेरघर म्हणजे पॅलेस्टाईनमधील नाब्लूस शहर. २०१९ सालच्या नोव्हेंबरांत तें पाहण्याचा योग आम्हांस आला. तेथें जें पाहिलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

यरुशलेमच्या उत्तरेस सुमारें ५० किलोमीटरवर, एबाल व गरिझीम या दोन डोंगरांमधील खोऱ्यांत हें शहर आहे. रोमनांनीं इ. स. ७२ मध्यें वसविलेल्या ‘नेआपोलिस’ या नगराच्या नांवाचें अरबी रूप म्हणजे नाब्लूस. मूळ शब्दाचा अर्थ ‘नवें नगर’ असा आहे. भोंवतालच्या उतारांवर दगडी बांध घालून ऑलिव्हचीं झाडें लाविलेलीं आहेत. आम्ही गेलों तेव्हां फळें उतरविण्याचा हंगाम होता. झाडाखालीं चादरी अंथरून घरांतील लहानथोर सर्व मंडळी फळें ओरबाडून घेत होतीं. आपल्या कोंकणांत आंबे उतरविण्याच्या दिवसांत असते तशीच लगबग, आणि तसेंच झाडाखालचें जेवण!

शहराच्या जुन्या भागांतील साबणाचे कारखाने दगडी, जाड भिंतींचे व उंच छताचे असतात. तळमजल्यावर एक प्रचंड कढई असते. तींत तेल, पाणी व कॉस्टिक सोडा एकत्र घालून कित्येक दिवस शिजवितात. सोडा येण्यापूर्वीं बदाऊनी लोक वाळवंटांतील खारट झुडपें जाळून त्यांची राख विकावयास आणीत आणि ती चुन्याबरोबर वापरीत. या राखेचें अरबी नांव ‘किली’. ‘अल्कली’ हा शब्द त्याच कुळांतला, आणि आपला साजीखारही त्याच जातीचा. शिजलेला रस वरच्या मजल्यावर नेऊन जमिनीवर पातळ थरांत ओततात. तो आळला म्हणजे रंगांत बुडविलेल्या दोरीनें त्यावर रेघा आंखतात, वड्या पाडतात व प्रत्येकीवर कारखान्याचा शिक्का हातानें ठोकतात. मग त्यांचे माणसाहून उंच, आंतून पोकळ मनोरे रचतात, म्हणजे वारा सर्व बाजूंनीं खेळतो. या मनोऱ्यांना ‘तनानीर’ म्हणतात. आपल्या ‘तंदूर’ शब्दाचें तें भावंड होय.

परंतु आम्हांस अधिक शिकविलें तें एका खेड्यांतील घरानें. या भागांत घरींही साबण करण्याची जुनी चाल आहे. नवें तेल आलें कीं मागील वर्षाचें उरलेलें तेल अंगणांतील चुलीवर चढवावयाचें, असा ती चाल जपणाऱ्या घरांचा क्रम. आमच्या यजमानीण आजीबाईंनीं एका परातींत आपल्या हातच्या तीन वड्या आणून ठेविल्या : एक महिनाभराची, दुसरी वर्षाची आणि तिसरी चार वर्षांची. तेल एकाच बागेचें, कृति एकच. फरक काय तो वयाचा.

महिन्याची वडी हिरवट व मऊ होती. अंगठा दाबला तर ठसा उमटे. पाण्यांत धरतांच ती बुळबुळीत झाली आणि पाहतां पाहतां झिजली. वर्षाची वडी हस्तिदंती रंगाची, टणक व वजनाला हलकी होती. तिचा फेंस थोडा, पण दाट साईसारखा. चार वर्षांची वडी पिवळसर झाली होती. दुसरीवर आपटली तर लांकडासारखा आवाज येई, आणि तेलाचा वास जवळजवळ गेलेला होता. यांत जादू कांहीं नाहीं. ऑलिव्हच्या तेलांत ओलेइक आम्लाचा भाग सर्वांत मोठा असतो व त्याचा साबण पाण्यांत फार लवकर विरघळतो. वडींतील पाणी जसजसें उडून जातें, तसतशी ती घट्ट होते आणि अधिक दिवस पुरते.

चौथी वडी होती सीरियांतील अलेप्पोची. तेथें ऑलिव्हच्या तेलांत लॉरेल वृक्षाच्या फळांचें तेल मिसळतात. त्या तेलांत लॉरिक आम्ल असतें. आपल्या खोबरेल तेलांत तर तें विपुल असतें. त्यामुळें अलेप्पोच्या वडीला फेंस चटकन् येतो, व औषधी पाल्यासारखा उग्र वासही येतो. ती बाहेरून तपकिरी, पण कापली तर आंत हिरवीगार! वाळण्यास लागणाऱ्या काळाचें चिन्ह असें तिच्या अंगावरच उमटलेलें असतें. फ्रान्सांतील मार्सेय शहरींही हा धंदा जुना. तेथें १६८८ च्या राजाज्ञेनें ऑलिव्हखेरीज दुसरें तेल वापरण्यास मनाई केली आणि जून ते ऑगस्ट हे उन्हाळ्याचे महिने कारखाने बंद ठेवविले. उतावळेपणास कायद्यानें आळा घालण्याचाच तो एक प्रकार होता.

शेवटीं मनांत राहतो तो हाच विचार. वर्षभर वाळावयाची वस्तु करणाऱ्यास पुढील वर्षाचा भरंवसा असावा लागतो, आणि या शहरांना तो कितीदां तरी मिळालेला नाहीं. ११ जुलै १९२७ च्या भूकंपानें नाब्लूसची मोठी हानि केली. एप्रिल २००२ मधील इस्रायली लष्कराच्या चढाईंत जुन्या शहरांतील साबणाचे कांहीं कारखाने जमीनदोस्त झाले. २०१२ ते २०१६ या काळांतील युद्धांत अलेप्पोचीं साबणघरें होरपळलीं व कांहीं कारागीर तुर्कस्तानांत गेले. डिसेंबर २०२४ मध्यें युनेस्कोनें नाब्लूस व अलेप्पो या दोन्ही ठिकाणच्या साबणकलेची मानवजातीच्या अमूर्त वारशांत नोंद केली, ही समाधानाची गोष्ट खरी. परंतु नोंदीनें वडी वाळत नाहीं. तिला शांत छप्पर, मोकळी हवा आणि वेळ हवा.

आजीबाईंना आम्हीं विचारलें, “इतका काळ थांबावयाचें, तर दुकानांतला साबण आणणें सोपें नव्हे काय?” त्यांनीं दुभाष्यामार्फत सांगितलें, “सोपें आहे, बाबा. पण यंदाचा साबण मी माझ्यासाठीं करीतच नाहीं. माझ्यासाठीं केलेला मागेंच वाळला आहे. हा नातसुनेसाठीं.”

असो. असा साबण कोणा वाचकाच्या हातीं आला, तर तो लगेच वापरण्याची घाई करूं नये. कागद काढून, हवा लागेल अशा कोरड्या फळीवर तो कांहीं महिने ठेवावा, आणि न्हाणीघरांतही पाणी निथळून जाईल अशा जाळीवर ठेवावा. वाट पाहण्याचें फळ तो आपण होऊन देईल.