पाच आत, पाच बाहेर

जयपूरला बदली झाल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा आईनं एकच विचारलं, "तिकडं पाणी हाय का?" आम्ही माणदेशी. आमच्याकडं माणसाचं आधी पाणी बघतात, मग गाव. मी म्हणालो, "पाण्याचं ठाऊक न्हाई, पर खायला लय हाय म्हणत्यात."

हे खरं निघालं. फौजी माणसाला नवं ठाणं कळतं ते रविवारी. सोमवार ते शनिवार सगळी ठाणी सारखीच. तीच पीटी, तीच परेड, लंगरातली तीच डाळ. रविवारी आउटपास घेतला, सिव्हिल कपडे चढवले आणि गेटबाहेर पडलो की मग आपण जयपुरात आहोत हे पटतं. माझे पहिले पाच-सहा रविवार चारदीवारीतच गेले.

चारदीवारी म्हणजे जुनं शहर, तटाच्या आतलं. सवाई जयसिंगांनी ते १७२७ साली वसवायला घेतलं आणि आखणीत विद्याधर भट्टाचार्य या बंगाली माणसाची मदत घेतली. रस्ते सरळ, चौक मोजून मापून, दुकानं एका ओळीत. आमचे सुभेदार साहेब पहिल्यांदा बघून म्हणाले, "ह्या शहराला कुणीतरी ड्रिल शिकवलंय." याच्याहून चांगलं वर्णन मला अजून सुचलेलं नाही.

सुरुवात चौडा रस्त्यावरच्या साहू चहावाल्यापासून. नाव ऐकून मी सातारच्या शाहू महाराजांच्या आठवणीनं उगाच खूश झालो होतो. त्याचा इथं काही संबंध नाही, पण चहा राजाला द्यावा असाच. कोळशाच्या शेगडीवर दूध आटवत ठेवलेलं असतं, त्यामुळं चहाला जरा धुरकट वास येतो. तो वास मला थेट चुलीपुढं घेऊन गेला. मग प्याज कचोरी. आपल्याकडची कचोरी ही चहाबरोबरची गंमत. इथं ती न्याहारी आहे आणि एक खाल्ली की दुपारपर्यंत दुसरं काही लागत नाही. जौहरी बाजारात लक्ष्मी मिष्ठान्न भांडार आहे, लोक एलएमबी म्हणतात. तिथला घेवर मी उभ्यानं खाल्ला. जाळीदार, तुपात तळलेला आणि पाकात मुरलेला. घरी पाठवावा असं लय वाटलं, पण पार्सलात त्याचा चुरा होईल म्हणून फोटोच पाठवला. आईचं उत्तर आलं, "अनारशासारखं दिसतंय." मी वाद घातला नाही.

पण माझं खरं ठिकाण सापडलं मिश्र राजाजीच्या रस्त्यावर. महावीर रबडी भांडार. नाव रबडीचं, आणि मी जायचो भाकरीसाठी. तिला इथं बेजड की रोटी म्हणतात. जव, हरभरा, गहू एकत्र दळलेले. बरोबर बटाटा-कांद्याची भाजी आणि लाल लसणाची चटणी. पहिला घास घेतला आणि मान खाली घालून खातच राहिलो. बाजरीची नव्हती, ज्वारीचीही नव्हती, पण भाकरीच होती. घर सोडून अकरा वर्षं झालेल्या माणसाला एवढं पुरतं.

आता जे लिहितोय ते खाण्याचं नाही. पण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

त्रिपोलिया बाजारात उभं राहून वर बघितलं तर दुकानांच्या डोक्यावरून एक उंच मनोरा दिसतो. ईसरलाट. सात मजली, आतून गोल गोल चढण. एका रविवारी वर गेलो. सगळं शहर पायाखाली. खाली आल्यावर हा मनोरा कशाचा म्हणून शोध घेतला, आणि मग पुस्तकच हातात घेतलं.

१७४७ साली राजमहालच्या लढाईत जयसिंगांचे थोरले चिरंजीव ईश्वरीसिंग जिंकले. हरलेल्या बाजूला त्यांचा सावत्रभाऊ माधोसिंग, मेवाडची फौज आणि आपले मराठे. त्या विजयाचा हा मनोरा. १७४९ साली उभा राहिला. पुढच्याच वर्षी मल्हारराव होळकर थकलेल्या पैशासाठी जयपूरवर चालून आले. खजिन्यात द्यायला काही नव्हतं. डिसेंबर १७५० मध्ये ईश्वरीसिंगांनी विष घेतलं.

गादीवर माधोसिंग आले. मराठ्यांची फौज मात्र शहराबाहेर तशीच राहिली, आणि पैशाची मागणीही. १० जानेवारी १७५१ ला छावणीतले काही हजार लोक शहर बघायला आत शिरले. नवंकोरं शहर, देवळं, बाजार. दुपारी दंगा पेटला. दरवाजे बंद झाले आणि कापाकापी रात्रीपर्यंत चालली. जदुनाथ सरकारांनी मेलेल्यांचा आकडा तीन हजारांच्या घरात दिलाय. तटावरून उड्या टाकलेल्यांचे पाय मोडले.

त्या रात्री बराकीत झोप लागली नाही. लढाईत माणसं मरतात, ते आमच्या धंद्यातच आहे. पण हे लोक लढायला आत गेले नव्हते. ते माझ्यासारखेच रविवार काढायला गेले होते. आणि दुसरी गोष्ट जास्त बोचली. शाळेत मला अटकेपार झेंडा शिकवला. त्याच फौजेच्या वसुलीपायी एका राजानं विष घेतलं, हे कुणी शिकवलं नाही. जयसिंगांच्या काळात हेच शहर आपलं यजमान होतं. बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३५ साली यात्रेला निघाल्या तेव्हा इथं त्यांचा पाहुणचार झाला. पंधरा-सोळा वर्षांत पाहुण्यांसाठी दरवाजे आतून बंद व्हावेत, इतकं आपण काय केलं होतं? चूक कुणाची किती, हे तोलणं माझं काम नाही. पण सगळा दोष शहराच्या पदरात टाकून मला झोपता येईना.

पुढच्या रविवारी महावीरमध्ये बसलो होतो. गर्दीमुळं टेबलावर समोर एक वयस्क गृहस्थ आले. केस आणि चाल बघून त्यांनी ओळखलंच, "फौज में हो? कहाँ के?"

का कोण जाणे, क्षणभर थांबलो. मग म्हणालो, "महाराष्ट्र से. मराठा पलटन."

"ईसरलाट देखी?"

"देखी."

ते माझ्याकडं बघत राहिले, आणि मिशीत हसत म्हणाले, "फिर तो आपका-हमारा पुराना हिसाब है." एवढं बोलून चटणीची वाटी त्यांनी माझ्याकडं सरकवली. म्हणाले, रोटी अजून मागवा, गरम येतीय. निघताना सांगून गेले, "धुलंडी पर ब्रह्मपुरी आना. तमाशा होता है. आप ही के यहाँ से आया है."

बराकीत ही बातमी सांगायची चूक मी केली. तमाशा म्हटल्यावर पोरं उठूनच बसली. धुलंडीला, म्हणजे आपल्या धुळवडीला, पलटणीतला रंग आणि बडाखाना उरकून चार जवान माझ्याबरोबर निघाले. एकानं वाटेत शिट्टीची रंगीत तालीमही केली.

छोटी चौपडवरून गणगौरी बाजारानं वर गेलं की ब्रह्मपुरी. जयसिंगांनी ब्राह्मणांसाठी वसवलेली वस्ती. त्यांचे गुरू रत्नाकर पुंडरीक महाराष्ट्रातले, त्यांची हवेली अजून इथं आहे. गल्ल्या अरुंद. जसजसे आत गेलो तसतशी गर्दी दाट होत गेली. छोटा अखाडा नावाच्या जागेपाशी तर पाय ठेवायला जागा नव्हती. गच्च्यांवर बायका, कठड्यावर पोरं, सगळ्यांची तोंडं गुलालानं एकसारखी. आमचीही.

आणि मला घाम फुटला. इतक्या वर्षांची सवय आहे. कुठंही शिरलो की आधी बाहेर पडायची वाट बघायची. इथं वाट एकच होती आणि ती माणसांनी भरलेली. मागं चार पोरं, सगळ्यात धाकटा बावीसचा. डोक्यात ते पुस्तकच होतं.

तेवढ्यात हार्मोनियम लागली. सारंगी, तबला. ना पडदा, ना उंच स्टेज. लोक सभोवती आणि मधे कलाकार. डोक्यावर कलगीची टोपी, पायात घुंगरू. खेळ हीर-रांझाचा. आमची पोरं ढोलकीची आणि लावणीची वाट बघत होती, आणि समोर चक्क रागदारी सुरू झाली. लांब तान, मग बोल, मग फिरून त्याच जागेवर. शिट्टीवाला माझ्या कानात म्हणाला, "उस्ताद, ह्यो तर सवाई गंधर्व निघाला." पण अर्ध्या तासात तोच मान डोलवायला लागला. मधेच गाणारा महागाईवर टोला हाणायचा आणि गल्ली हसायची. तेव्हा मात्र ओळख पटली. ही आमची बतावणी. शब्द निम्मे कळत नव्हते, हसू बरोबर जागेवर येत होतं.

हा खेळ बंशीधर भट्टांनी इथं रुजवला, सवाई प्रतापसिंगांच्या काळात, असं सांगतात. भट्ट घराण्यानं तो पिढ्यान् पिढ्या चालवलाय. हे प्रतापसिंग म्हणजे हवामहल बांधणारे. १७८७ साली तुंग्याला त्यांनी महादजी शिंद्यांना अडवलं, आणि १७९० साली पाटणला शिंद्यांच्या फौजेनं त्यांच्या बाजूचा पराभव केला. म्हणजे रणात आमच्याशी लढाई चालू, आणि त्याच राज्यात आमच्याकडचा म्हणून सांगितला जाणारा तमाशा गल्लीत रुजतोय. इथल्या लोकांनी त्याला आपले राग दिले, आपली बोली दिली, आणि आला कुठून हेही विसरले नाहीत. तोफा आणि वसुली घेऊन आलो तेव्हा आम्ही काय मागं ठेवलं, ते ईसरलाट सांगते. गाणं घेऊन कुणी आला, त्याचं घर अजून इथं नांदतंय.

ते वयस्क गृहस्थ दिसले का म्हणून मी बघत होतो. गुलालात कोण कुणाला ओळखणार! पण बाजूच्या एकानं आमची मराठी ऐकून विचारलं, आणि कळल्यावर पुढच्या लोकांना सरकवून पाचही जणांना बसायला जागा करून दिली. जागा म्हणजे दोन माणसांची. पाच मावलो.

संध्याकाळी खेळ संपला. धुळवडीमुळं दुकानं बंद, म्हणजे चहा नाही, कचोरी नाही. गणगौरी बाजारानं खाली उतरून छोटी चौपडवरून चांदपोल दरवाजाकडं निघालो. पोरं पुढं बडबडत चालली होती. दरवाजाच्या कमानीखाली आलो तेव्हा मी थांबलो. रिक्षा, स्कूटर, गायी, रंगलेली माणसं, सगळे एकमेकांना ढकलत आत-बाहेर करत होते.

पोरांनी विचारलं, "काय झालं उस्ताद?"

"काय न्हाई," म्हणालो, आणि एकेकाला पुढं जाऊ देत मोजलं. पाच आत गेलो होतो. पाच बाहेर आलो.

गेटवर पोहोचल्यावर वहीत वेळ टाकली आणि सही केली.