पुळणीवरचे तिरके रहिवासी

गुहागरच्या पुळणीवर सांजवेळी मी स्वस्थ बसलो, की वाळूतल्या बिळांतून खेकड्यांचे डोळे वर येतात. देठांवर उभे असलेले हे डोळे चहूकडचे पाहतात. बिळात शिरताना ते खोबणीत मिटतात. पायांचे सांधे आडवे वळणारे, म्हणून धाव तिरकी, पण वाऱ्याची! पायांच्या मुळाशी असलेले केसांचे झुबके वाळूतली ओल शोषून कल्ले ओले ठेवतात. शत्रूच्या तावडीत सापडलेला पाय खेकडा स्वतःच तोडून टाकतो. कात टाकल्यावर नवा मिळतो. निसर्गाची सिद्धता ही अशी! परंतु हल्ली पुळणीवर मोटारी धावताना दिसतात. चाकाखाली अंगच चिरडले, तर या देहाकडे उपाय नाही. तेव्हा वाचकहो, मोटार सुरूच्या बनाअलीकडेच ठेवावी. पुढे पायीच जावे.