सदरच्या जुन्या भिंती

नागपूरचे सदर पायीच पाहावे. मेट्रोने कस्तुरचंद पार्कला उतरावे आणि रेसिडेन्सी रोडने चालू लागावे. भोसल्यांच्या दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट असे, त्याच्यावरून हे नाव पडले. इंग्रजांच्या वसाहतीचा मुख्य बाजार तो सदर बाजार.

या रस्त्याच्या डोक्यावरून आता २०२० साली खुला झालेला उड्डाणपूल जातो. खालच्या दुकानांवर दिवसा सावली असते. तरी आतल्या गल्ल्यांत शिरले की कवेलूचे छप्पर, लाकडी जाळीचा व्हरांडा, गिलावा गळून उघडी पडलेली वीट अजून कुठे कुठे दिसते. चित्रकाराला अशी भिंत भुरळ घालते. नव्या भिंतीला एकच रंग. जुनीवर पावसाचा काळा, चुन्याचा पिवळा, विटेचा तांबडा, शेवाळाचा हिरवा, सारे आपोआप चढलेले!

पण वाचकहो, ही हळहळ कोणाच्या जुन्या दिवसांची? बंगल्यामागे नोकरांच्या खोल्या असत. धोबी, माळी, खानसामा, आया तिथे राहत. बंगल्याचा दर्शनी भाग काढून वही मिटली, तर त्यांचे दिवस कागदावर येतच नाहीत.

ठाण्याचे चित्रकार सुधीर पटवर्धन पूर्वी पेशाने क्ष-किरण तज्ज्ञ होते. मुंबईच्या बदलत्या गिरणगावावर त्यांनी २००१ साली ‘लोअर परळ’ हे चित्र रंगवले. त्यांच्या चित्रांत शहर मोडते, पण कष्टकरी माणूस बाजूला पडत नाही. आपली एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली, २००२ साली बंद पडली. त्या जागेवर मॉल आला. तिथे राबलेल्यांच्या घरी भोंग्याची आठवण निघते, चित्र मात्र क्वचितच सापडेल.

नागपुरात १९६१ साली जन्मलेल्या सवि सावरकरांनी अस्पृश्यतेचे जुने दिवस चित्रांत आणले, ते गोड आठवण म्हणून नव्हे. जुने दिवस असेही काढता येतात.

सदरला लागूनच गड्डीगोदाम. गुरुद्वाऱ्याजवळ खाली रस्ता, वर रेल्वे, त्यावर २०२४ साली खुला झालेला उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो. लोक माना उंचावून फोटो काढतात. शेजारच्या गल्लीकडे सहसा कोणी कॅमेरा वळवत नाही.

घरात चित्रे काढणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर रविवारी सकाळी उन्हाआधी तिकडे न्यावे. पेन्सिल आणि साधी वही पुरते. निघण्यापूर्वी आजीला एवढे विचारून घ्यावे, की आपल्यातले कोण कोणत्या बंगल्यावर कामाला जात होते.