अर्धा माळा रिकामा

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. संगणकाशी आमचा संबंध गुण भरण्यापुरता. तरीही २००९ च्या दिवाळीत ऐकलेला एक हिशेब आमच्या अध्यापनाला कायमचा चिकटून राहिला आहे. तो येथे मांडावासा वाटतो.

आमच्यापैकी एकीचा धाकटा भाऊ पुण्यात मेनफ्रेम संगणकांवर काम करतो. त्या वर्षी भाऊबीजेला आला, तोही वही घेऊनच. फराळाचे ताट बाजूला सारून तो आकडेमोड करीत बसला होता. ‘झेड-व्हीएम’ ही प्रणाली एका मोठ्या यंत्रात अनेक आभासी यंत्रे चालवते. या परंपरेचा उगम १९६० च्या दशकात अमेरिकेतील केंब्रिज येथे, आयबीएमच्या संशोधन केंद्रात झाला आणि १९७२ मध्ये ती ‘व्हीएम/३७०’ या नावाने जाहीर झाली. या आभासी यंत्रांना त्या व्यवसायात ‘पाहुणे’ म्हणतात, हे ऐकून आमचे कान टवकारले.

“ताई, प्रत्येक पाहुण्याला वाटतं, अख्खं घर आपलंच आहे,” तो म्हणाला. “खरी मेमरी तेवढी नसतेच. सगळे एकाच वेळी हातपाय पसरणार नाहीत, या भरवशावर आम्ही जागा कबूल करतो.”

मेमरीचे तुकडे ४,०९६ बाइटांचे. त्यांना ‘पृष्ठे’ म्हणतात. जे पृष्ठ बराच वेळ कोणी उघडत नाही, ते डिस्कवर हलवले जाते आणि मागणी होताच परत आणले जाते. लग्नघरात जादा वळकट्या माळ्यावर जाव्यात, तसेच. तो माळा किती मोठा हवा, हेच त्याच्या वहीत चालले होते. दहा पाहुण्यांना प्रत्येकी १६ जीबी कबूल केली, म्हणजे १६०, खरी मेमरी ६४, फरक ९६. आणि याची दुप्पट, १९२. ३३९० जातीच्या ‘मॉडेल ९’ डिस्कवर सुमारे ६.९ जीबी मावतात. म्हणून २८ डिस्का, सगळ्या सारख्या आकाराच्या आणि दुसरे काहीही न ठेवलेल्या.

“मग निम्मी जागा वायाच की!” आमच्यातला दुसरा म्हणाला.

“वाया नाही, दाजी. पृष्ठं एकेक करून जात नाहीत, गठ्ठ्यानं जातात. त्यांना सलग रिकामी जागा लागते. माळा निम्म्याहून जास्त भरला की फटी शोधण्यातच वेळ जातो. आणि पुरता भरला, तर पृष्ठं छपाईसाठी राखलेल्या जागेत घुसतात. तीही संपली की सगळी प्रणालीच बंद पडते. ज्यानं जास्त मागितलं तो एकटा नाही, सगळे पाहुणे रस्त्यावर.”

पुढे २०१३ च्या ६.३ आवृत्तीपासून हिशेबाची रीत बदलली, असे त्याने नंतर सांगितले. पृष्ठे आता गरज पडण्याआधीच डिस्कवर लिहून ठेवली जातात, म्हणून खरी मेमरी वजा करायची नाही. मात्र माळा भरू द्यायचा नाही, हे कलम कायम आहे.

त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. त्या सत्रात आम्हीही भरवशावरच जागा कबूल केली होती. मूल्यांकन समितीचे अहवाल, वार्षिक अंकाचे संपादन, परीक्षेची कामे, रविवारचे दूरशिक्षणाचे वर्ग. कशालाच नाही म्हटले नव्हते. पृष्ठांच्या ने-आणीतच यंत्राचा सगळा वेळ जातो आणि काम पुढे सरकत नाही, या अवस्थेची मीमांसा पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये केली होती. आम्ही ती अवस्था रोज स्टाफरूममध्ये जगत होतो.

आणि दिवाळीच्या सुटीपूर्वी द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी वही घेऊन दाराशी उभी राहिली होती. आजीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या तिने उतरून आणल्या होत्या. “सर, बघाल का? मॅडम, तुम्ही तरी?” आम्ही दोघांनीही, वेगवेगळ्या दिवशी, एकच उत्तर दिले होते : “दिवाळीनंतर ये.”

दिवाळीनंतर ती आली नाही. लग्न ठरले आणि शिक्षण थांबले, एवढे मैत्रिणींकडून कळले. वहीचे काय झाले, ते कळले नाही.

यंत्रात आणि आमच्यात एक फरक आहे, आणि तो यंत्राच्या बाजूचा आहे. तेथे बाजूला ठेवलेले पृष्ठ जसेच्या तसे परत येते, एक अक्षरही न बदलता. आमचे ‘नंतर’ तसे नव्हते. माणूस दारातून वळला की त्याच्या जागी त्याची नोंदसुद्धा उरत नाही.

तेव्हापासून आमच्या वेळापत्रकात गुरुवारच्या दोन तासिका कोऱ्या असतात. नव्या प्राचार्यांनी एकदा विचारले, येथे काय आहे? आम्ही सांगितले, काही नाही. ते हसले, सहकारी अजूनही हसतात. एखाद्या गुरुवारी कोणी कविता घेऊन येतो, कोणी फक्त बसून जातो.

गेल्या गुरुवारी कोणीच आले नाही. आम्ही दार उघडे ठेवून बसलो होतो.